श्रेबरच्या नावाचे वाफे

लाइपझिगचे डॉ. मोरित्झ श्रेबर यांनी आयुष्यात एकही ‘श्रेबर बाग’ पाहिली नाही. ती त्यांनी आखली नाही, तिच्यासाठी वर्गणी गोळा केली नाही, तिथे कधी कुदळ मारली नाही. १० नोव्हेंबर १८६१ रोजी आतड्याच्या विकाराने ते वारले, तेव्हा त्यांचे वय ५३ होते. त्यांच्या नावाची पहिली संस्था निघाली ती त्यानंतर तीन वर्षांनी, आणि पहिला वाफा खणला गेला त्याला आणखी काही वर्षे लागली. आज जर्मनीत भाड्याने दिलेल्या अशा छोट्या बागांची संख्या नऊ लाखांच्या घरात आहे. सरकारी कागदावर त्यांना दुसरे नाव असले, तरी लोकांच्या तोंडी त्यातली कुठलीही बाग ‘श्रेबरगार्टन’च.

आपल्या परसबागेसारखी ही बाग घरामागे नसते. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये राहणारे कुटुंब शहराच्या कडेला, अनेकदा रेल्वेरुळांच्या बाजूच्या जमिनीत, एका संस्थेकडून एक तुकडा भाड्याने घेते. त्यात एक लाकडी खोपटे, एखाददुसरे सफरचंदाचे झाड, वालाच्या वेली, रासबेरीची जाळी, बटाट्याच्या सऱ्या आणि कडेने फुलझाडे. असे पन्नास, शंभर, तीनशे तुकडे कुंपणाला कुंपण लावून बसलेले. सुट्टीच्या दिवशी सायकलीवरून माणसे येतात आणि संध्याकाळी दोडक्या-काकडीच्या पिशव्या घेऊन परत जातात. फरक एवढाच, की तिथे दोडक्याऐवजी झुकिनी असते.

हे सगळे सुरू झाले ते मुलांच्या तब्येतीच्या काळजीतून.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लाइपझिग वेगाने फुगत होते. १८३९ मध्ये ड्रेस्डेनपर्यंतचा लोहमार्ग पुरा झाला होता. छापखाने आणि गिरण्या वाढत होत्या, आणि खेड्यांतून आलेली कुटुंबे ओलसर चौकांभोवतीच्या बहुमजली इमारतींत दाटीने राहत होती. १८७१ मध्ये लाखाच्या जरा वर असलेली वस्ती १९०० पर्यंत साडेचार लाखांपलीकडे गेली (त्यात आजूबाजूची गावे शहरात ओढून घेतल्याचाही वाटा होता). मुलांना खेळायला जिना आणि गल्ली. अंगणात ऊन उतरत नसे. मुडदूस, वाकलेली पाठ, पांढरेफटक चेहरे हे डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातले.

श्रेबर यांचा व्यवसायच या पाठींचा होता. १८४४ पासून ते लाइपझिगमधील एक अस्थिव्यंग उपचार संस्था चालवत होते. पुढच्याच वर्षी शहरात व्यायाम मंडळ निघाले, त्याच्या संस्थापकांत ते होते. १८५५ मध्ये त्यांनी घरातल्या घरात, कुठल्याही साधनाविना करायच्या व्यायामांचे पुस्तक लिहिले. ते इतके खपले, की त्याच्या कित्येक आवृत्त्या निघाल्या आणि अनेक भाषांत ते गेले. आयुष्याच्या अखेरीस, १८६० मध्ये, त्यांनी मुलांच्या खेळांवर लिहिताना शहरांनी मुलांना मोकळी मैदाने द्यावीत असा आग्रह धरला. त्यांचे नाव बागेला लागले ते या लिखाणामुळे.

पण त्यांचे दुसरे लिखाणही छापलेले आहे आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. मूल ताठ बसावे म्हणून त्यांनी मेजाला जोडायची लोखंडी दांडी बनवली होती. मूल पुढे झुकले, की ती छातीला टोचत असे. हनुवटी आवळून धरणारा पट्टा होता, खांदे मागे खेचणारा पट्टा होता, आणि झोपेत कूस बदलू नये म्हणून बिछान्याला बांधायचे पट्टेही होते. १८५८ च्या त्यांच्या बालसंगोपनाच्या ग्रंथात याची रेखाचित्रे आहेत. तान्ह्या बाळाचे विनाकारण रडणे हा हट्ट समजून पहिल्या काही महिन्यांतच मोडून काढावा, म्हणजे आईबापांची सत्ता कायमची बसते, असेही त्यात सांगितले आहे. एकाच माणसाला मुलांसाठी मैदानही हवे होते आणि पट्टेही. त्या काळच्या मध्यमवर्गीय पालकांना यात विसंगती दिसली नाही.

श्रेबर यांच्या घरात पाच मुले वाढली. थोरल्या गुस्टाव्हने १८७७ मध्ये, अडतीस वर्षांचा असताना, स्वतःवर गोळी झाडून घेतली. धाकटे डॅनियल पाउल न्यायाधीश झाले, चढत चढत ड्रेस्डेनच्या उच्च न्यायालयात मोठ्या पदावर पोचले, आणि १८९३ मध्ये दुसऱ्यांदा मनाने कोसळले. त्यानंतरची जवळपास नऊ वर्षे त्यांनी मनोरुग्णालयांत काढली. तिथूनच त्यांनी स्वतःला कायद्याने अक्षम ठरवणाऱ्या हुकुमाविरुद्ध दावा लढवला आणि १९०२ मध्ये जिंकला. पुढच्या वर्षी त्यांच्या आठवणींचे पुस्तक आले. छाती आवळली जाते, डोके यंत्रात दाबले जाते, असे भास त्यात तपशिलाने लिहिले आहेत. मनोविश्लेषक फ्रॉइड यांनी पाउलना कधी न भेटता केवळ त्या पुस्तकावरून १९११ मध्ये आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. पाउल त्याच वर्षी एप्रिलमध्ये लाइपझिगच्या मनोरुग्णालयात वारले.

छाती दाबणारे भास आणि छातीला टोचणारी दांडी यांची सांगड विसाव्या शतकात अमेरिकेतील मनोविश्लेषक विल्यम नीडरलँड यांनी घातली. १९७३ मध्ये मॉर्टन शॅट्झमन यांनी त्यावर पुस्तकच लिहिले आणि वडील श्रेबर जगभर बदनाम झाले. नंतर हान इस्राएल्स आणि झ्वी लोथाने यांनी जुनी कागदपत्रे धुंडाळून या सरळसोट कारणमीमांसेला हरकत घेतली: ही उपकरणे घरच्या मुलांवर किती वापरली, याचा पुरावा तुटपुंजा आहे. हरकत रास्त आहे. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचे निदान करणे सोपे असते, कारण रुग्ण उलट बोलत नाही. तरीही पट्ट्यांची ती चित्रे कुणी खोडून काढलेली नाहीत, आणि ती उपकरणे विकत घेणारी घरे त्या शहरात होती.

बागेचा खरा जनक शिक्षक होता. एर्न्स्ट इनोसेंझ हाउशिल्ड हे लाइपझिगमधील शाळाप्रमुख. मुलांच्या शिक्षणात पालकांनी हात घालावा म्हणून १८६४ मध्ये त्यांनी पालक आणि शिक्षकांची एक संस्था काढली आणि तिला शाळेचे रूक्ष नाव देण्याऐवजी दिवंगत श्रेबर यांचे नाव दिले. १८६५ मध्ये योहानापार्कच्या कडेला या संस्थेचे मैदान खुले झाले. त्याला ‘श्रेबरप्लाट्झ’ म्हणत. पुढच्याच वर्षी हाउशिल्ड गेले.

या योहानापार्कचीही एक कथा आहे. विल्हेल्म सायफर्ट या बँकमालकाने आपली मुलगी योहाना हिच्या स्मरणार्थ तो स्वखर्चाने उभा केला होता. ती १८५८ मध्ये ऐन विशीत वारली. वडिलांनी मनाविरुद्ध लावलेल्या लग्नाने ती खचली, असे लाइपझिगमध्ये सांगितले जाते. उद्यानाच्या मुळाशी एका तरुण मुलीचे दुःख आणि त्याला लागूनच मुलांच्या खेळासाठी मैदान, असा हा योग.

मैदानावर आधी फक्त खेळ होते. हाइनरिख कार्ल गेझेल या निवृत्त शिक्षकांनी १८६८ च्या सुमारास कडेने छोटे वाफे आखले: मुलांनी माती उकरावी, बी पेरावे, पाणी घालावे, आणि शिस्त आपोआप अंगी लागावी. कल्पना गोड होती. मुलांनी ती काही दिवस मनावर घेतली आणि मग ती पुन्हा चेंडूमागे धावली. वाफ्यांत तण माजले. ते बघवेना म्हणून आईबापांनी खुरपी हातात घेतली. मग वाफ्यांना कुंपण आले, अवजारे ठेवायला खोपटी आली, नियम आले. दोन-तीन वर्षांत ‘मुलांचे वाफे’ हे ‘कुटुंबाचे वाफे’ झाले आणि त्यांची संख्या शंभराच्या आसपास गेली. गेझेल यांची योजना फसली, असेच प्रामाणिकपणे म्हणावे लागेल. ती फसली म्हणूनच टिकली.

१८७६ मध्ये संस्थेला जागा सोडून थोडे पश्चिमेकडे जावे लागले. तिथे १८९६ मध्ये उभे राहिलेले संस्थेचे घर आजही आहे आणि १९९६ पासून त्यात जर्मन छोट्या बागांचे संग्रहालय आहे. मधल्या काळात मुले पूर्ण विसरली गेली नव्हती. श्रेबर मंडळे उन्हाळी सुट्टीत गरीब वस्त्यांतल्या मुलांना मैदानावर आणत, खेळवत आणि दूध-पाव देत.

जर्मनीत गरिबांना जमिनीचा तुकडा देण्याची रीत त्याआधीचीही आहे. उत्तरेकडील काप्पेल्न गावात १८१४ मध्येच अशा बागा होत्या, आणि बर्लिनचे कामगार पडीक जागेत खोपटी बांधून बटाटे लावत. हे सगळे प्रवाह हळूहळू एकत्र आले. पहिल्या महायुद्धातल्या उपासमारीत या तुकड्यांनी घरे जगवली आणि १९१९ मध्ये त्यांचे भाडे कायद्याने बांधून दिले गेले. दुसऱ्या महायुद्धात खोपट्यांनी निराळेच काम केले. अनाथ ज्यू मुलगा हान्स रोझेन्थाल, वय जेमतेम सतरा-अठरा, १९४३ पासून बर्लिनच्या लिश्टेनबर्ग भागातल्या बागवस्तीत लपून राहिला. तीन स्त्रियांनी जिवावर उदार होऊन त्याला सांभाळले. पुढे तो जर्मन दूरचित्रवाणीवरचा लाडका सूत्रसंचालक झाला.

या बागांचा फायदा मधमाश्यांनाही झाला, पण दीडशे वर्षांत त्यांचा विचार फारसा कुणी केला नव्हता. त्यांची सोय झाली ती माणसाच्या पोटाच्या आणि हौसेच्या मागोमाग. सफरचंदाच्या बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही, शेजारी दुसऱ्या जातीचे झाड लागते. एकट्या छोट्या तुकड्यात दोन झाडे लावायला जागा नसते, पण कुंपणापलीकडे शेजाऱ्याचे असतेच, आणि माशीला कुंपण आडवे येत नाही. भोपळ्याची नर फुले वेगळी, मादी फुले वेगळी. टोमॅटोच्या फुलातला पराग केसाळ भुंगा अंग थरथरवून झाडतो. शिवाय शंभर कुटुंबांच्या शंभर आवडी: एप्रिलमध्ये चेरी आणि सफरचंद, मग रासबेरी, वाल, भोपळा, शरदात अ‍ॅस्टर. एकच पीक घेणाऱ्या शेतात फुलोरा पंधरवड्यात संपतो. इथे तो वसंतापासून थंडीपर्यंत तुटत नाही. खोपट्याच्या लाकडातली भोके लालसर केसांच्या एकट्या राहणाऱ्या माश्यांना घरटी म्हणून चालतात, आणि त्या बाहेर पडतात नेमक्या सफरचंद फुलण्याच्या वेळी. पूर्व जर्मनीत तर १९५९ च्या सरकारी संघात बागवाले आणि मधपाळ एकाच छत्राखाली होते.

हाले विद्यापीठातल्या पानायोटिस थिओडोरू आणि सहकाऱ्यांनी लाइपझिगसह नऊ जर्मन शहरांत आणि लगतच्या ग्रामीण भागांत परागवाहक कीटकांची तुलना केली. तांबड्या क्लोव्हरच्या कुंड्या ठेवून किती फुलांत बी धरते ते मोजले. २०२० मध्ये निष्कर्ष छापून आला: मधमाश्यांच्या जाती शहरात जास्त आणि परागीभवनही शहरात चांगले. फुलपाखरे आणि द्विपंखी माश्या मात्र शहरात कमी. ब्रिटनमधील चार शहरांच्या २०१९ च्या अभ्यासातही भाड्याच्या बागा आणि घरगुती बगीचे हेच परागवाहक कीटकांचे मोठे आधार ठरले होते. अर्थात सगळ्याच बागा सारख्या नसतात. थुजाचे गुळगुळीत कुंपण, कातरलेले गवत आणि मातीचे रंगीत बुटके, एवढ्यावर भागवणाऱ्या तुकड्यात माशीला काही मिळत नाही.

आणि मुले? डेन्मार्कमध्ये १९८५ ते २००३ दरम्यान जन्मलेल्या नऊ लाखांहून अधिक जणांच्या नोंदी उपग्रहचित्रांशी ताडून पाहण्यात आल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वांत कमी हिरवाईत बालपण गेलेल्यांना पुढे मानसिक विकार जडण्याची शक्यता विकारानुसार १५ ते ५५ टक्क्यांनी जास्त दिसली. घरची सांपत्तिक स्थिती आणि आईवडिलांचे आजार हिशेबात धरूनही फरक उरला. यातून हिरवाईनेच मन सावरले असे सिद्ध होत नाही. पण श्रेबर ज्या अंदाजावर मैदाने मागत होते, तो वेडगळ नव्हता एवढे नक्की.

आज बहुतेक बागवस्त्यांच्या नियमावलीत दुपारी शांततेची वेळ ठरलेली असते आणि मुलांच्या आरडाओरड्यावरून तक्रारी होतात. मोठ्यांनी वाफे घेतले, ते परत दिले नाहीत. १९८३ च्या जर्मन कायद्यानुसार असा तुकडा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा आणि खोपटे २४ चौरस मीटरपेक्षा. २००४ च्या न्यायालयीन निकालाने साधारण तृतीयांश जमीन फळे-भाज्यांना राखून ठेवली, आणि भोपळ्यासफरचंदाबरोबर माश्यांचीही सोय लागली. कायद्याच्या व्याख्येत बागेचे दोन हेतू दिले आहेत: स्वतःपुरते पीक आणि विश्रांती. १९९४ च्या दुरुस्तीने निसर्गरक्षणाचीही दखल घ्यायला सांगितले. मुलांचा उल्लेख त्या व्याख्येत नाही.