भोपाळ : भिंतीआडचे ज्ञान

विषारी रसायन सांडले, वायू सुटला, तर पहिल्या तासात काय करावे हा प्रश्न इंजिनियर, अग्निशामक दल आणि कलेक्टर यांचा मानला जातो. पण तो इतिहासाचाही प्रश्न आहे. त्या तासात कोण जगेल नि कोण मरेल, हे आधीच्या कित्येक वर्षांत ठरत आलेले असते. कोणाला काय कळू द्यायचे, हे ज्यांच्या हाती असते तेच ते ठरवतात. भोपाळकडे या दृष्टीने पुन्हा पाहिले पाहिजे.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. टाकीत चाळीस टनांच्या आसपास मिथाइल आयसोसायनेट होते. पाण्याशी संयोग होताच ते तापत जाते, दाब वाढत जातो. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्याच वर्षी बंद करण्यात आली होती. सुटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. पाण्याचे फवारे वायूच्या उंचीला पोचत नव्हते. मध्यरात्रीनंतर वायू शहरावर उतरला.

यंत्रांची ही कहाणी पुष्कळदा सांगितली गेली आहे. भोंग्याची कहाणी तेवढी सांगितली जात नाही. वस्तीला ऐकू जाणारा मोठा भोंगा त्या रात्री वाजला आणि काही मिनिटांत बंद करण्यात आला. आतला भोंगा मात्र चालू राहिला. लोकांत विनाकारण घबराट नको, हे कंपनीचे धोरण. पोलिसांनी फोनवर विचारले तेव्हा सारे ठीक असल्याचे उत्तर मिळाले. दोनच्या सुमारास मोठा भोंगा पुन्हा वाजू लागला, तेव्हा जयप्रकाशनगर, काझी कॅम्प, चांदबड, छोला या वस्त्यांतली माणसे रस्त्यावर कोसळत होती.

कारखान्यातील कामगार वाऱ्याची दिशा पाहून त्याच्या विरुद्ध बाजूला निघून गेले. वस्तीतली माणसे वाऱ्याबरोबर धावली. धावणाऱ्याचा श्वास वाढतो, विष अधिक खोल जाते. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरणारा. म्हणून लहान मुलांना तो आधी गाठतो. नाकातोंडावर ओले फडके धरा, वाऱ्याला आडवे चाला, धावू नका. एवढ्या तीन वाक्यांनी सारे वाचले नसते. पण पुष्कळ वाचले असते. या तीन वाक्यांना पैसा लागत नव्हता. सरकारी हिशेबाने त्या वायूचे बळी ३,७८७. पीडितांच्या संघटना हा आकडा कितीतरी पटींनी मोठा मानतात.

वस्तीतली माणसे अडाणी होती, असे म्हणून काहीजण मोकळे होतात. हे खोटे आहे. बंद विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहावा, तो विझला तर उतरू नये, हे आमच्या बापजाद्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. कष्टकऱ्याचे ज्ञान अनुभवातून येते. पण जे विष जन्मात कधी पाहिले नाही, त्याचा अनुभव कुठून येणार? ते फक्त बनवणाऱ्यालाच ठाऊक असते. त्याने सांगितले नाही, तर पहिला अनुभव हाच शेवटचा ठरतो.

असे सांगणे शक्य नव्हते काय? त्याच महिन्याने याचे उत्तर दिले. उरलेले रसायन संपवण्यासाठी १६ डिसेंबरपासून कारखाना पुन्हा चालवला गेला. त्याला ‘ऑपरेशन फेथ’ असे नाव होते. या वेळी आधी घोषणा झाली, छावण्या उघडल्या गेल्या, कुंपणाला ओली गोणपाटे बांधली गेली, हेलिकॉप्टरमधून पाणी शिंपडले गेले. दोन आठवड्यांपूर्वी जे सुचले नव्हते ते सारे सुचले. तरी लाखो लोक शहर सोडून गेले. विश्वास हे नाव दिल्याने विश्वास निर्माण होत नाही.

दवाखान्यातही तीच भिंत आडवी आली. हमीदिया रुग्णालयातील डॉक्टरांना हा वायू नेमका काय करतो हे कोणी सांगितले नाही. डॉ. हिरेश चंद्र यांना शवविच्छेदनात लालभडक रक्त दिसले आणि सायनाइडचा संशय आला. सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन द्यावे की नाही, यावर वाद माजला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला त्याचा उपयोग दिसून आला. तरीही १९८५ च्या जूनमध्ये, लोकांच्या दवाखान्यात ते देणाऱ्या डॉक्टरांना अटक झाली.

अमेरिकेत याच कंपनीचा असाच कारखाना वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट या गावी होता. १८९१ मध्ये काळ्या विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेले कॉलेज याच गावात आहे. ११ ऑगस्ट १९८५ ला तिथेही विषारी वायू सुटला, शंभराहून अधिक लोकांना दवाखान्यात न्यावे लागले, आणि तिथेही इशारा उशिरा दिला गेला. भोपाळची वस्ती आणि इन्स्टिट्यूटची वस्ती एकमेकींना ओळखत नव्हत्या. कंपनी दोघींना ओळखत होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेने शेजाऱ्यांना माहितीचा हक्क देणारा कायदा केला.

आपल्याकडेही कायदे झाले. १९८७ च्या दुरुस्तीने कारखान्याच्या परिसरातील लोकांना धोक्याची माहिती देणे बंधनकारक झाले. १९८९ च्या नियमांनी कारखान्याबाहेरच्या आपत्तीची योजना जिल्हा प्रशासनावर सोपवली. आणि ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमजवळ एल. जी. पॉलिमर्समधून स्टायरीनचा वायू सुटला. भोंगे होते, एकही वाजवला गेला नाही. बारा माणसे मेली.

कोणी काय ऐकावे याचे नियम करणारी व्यवस्था आपल्याला नवी नाही. शब्द कानी पडू नये म्हणून आपल्या पूर्वजांवर शतकानुशतके बंदी होती. बंद केलेला भोंगा ही त्याच ज्ञानबंदीची आधुनिक आवृत्ती आहे. जात पाहून वायू सुटत नाही हे खरे. पण कारखान्याच्या भिंतीला टेकून कोणाच्या झोपड्या उभ्या राहतात, हे या समाजात फारसे शोधावे लागत नाही.

म्हणून आपत्तीच्या योजनेची परीक्षा कलेक्टर कचेरीतल्या फाइलवर घेऊ नये. भिंतीलगतच्या शेवटच्या झोपडीत जावे आणि तिथल्या बाईला तीन प्रश्न विचारावेत. आत काय साठवले आहे? भोंगा वाजला तर त्याचा अर्थ काय? पोरांना घेऊन कोणत्या दिशेने जायचे? तिला उत्तरे येत नसतील, तर ती योजना अजून लिहिलीच गेलेली नाही.