पपईवरचा आळ

आमच्या घरात पपई शिरली ती आजी गेल्यावर. त्याआधी ती बाजारात होती, शेजाऱ्यांच्या ताटात होती, पण आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. १९३० साली लालबागच्या चाळीत आजीची आई बाळंतपणात गेली, आणि चाळीने निकाल देऊन टाकला: पोटुशी असताना पपई खाल्ली असणार.

आजी तेव्हा आठ वर्षांची. आईला पपई खाताना तिने कधीच पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते निराळं. "आय पांढरीफटक पडलेली. जिना चढताना दर मजल्यावर टेकायची." गिरणीच्या वाइंडिंग खात्यातून ती यायची, मग स्वयंपाक, मग सगळ्यांची जेवणं, मग तिचं ताट. पालेभाजी उकडायची, घट्ट पिळायची आणि हिरवं पाणी मोरीत. पिळलेली भाजीही पुरुषांपर्यंतच संपायची. तिच्या वाट्याला भाकरी, मिरचीचा खर्डा आणि त्यावर कोरा चहा. मधूनच चुलीचा पोपडा काढून तोंडात टाकायची. बायका हसायच्या, डोहाळे लागलेत म्हणायच्या. आणि भूक मारायला मिश्री. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा तो वास आजीला आईचा वास वाटायचा. म्हणूनच की काय, स्वतः आजीने मिश्री शेवटपर्यंत सोडली नाही. पपईला बंदी, मिश्रीला उशाशी जागा! पोटातल्या बाळाचं वजन घटवणारा तंबाखू चाळीतल्या एकाही म्हातारीच्या पथ्यात नव्हता.

त्याच काळात परळच्या हाफकिन संस्थेत ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर काम करत होती. ती १९२८ साली भारतात आली ती गरोदर बायकांच्या, त्यातही गिरणीतल्या कामगार बायकांच्या, पंडुरोगाचा शोध घ्यायला. तिने जंतू धुंडाळले, सापडले नाहीत. मग ती बायकांच्या ताटात पाहू लागली. ज्यांच्या ताटात फळं, पालेभाज्या, दूध, मांस नव्हतं, त्याच पांढऱ्या पडत होत्या. तिने माकडांना तसंच निकृष्ट अन्न दिलं. तीही पांढरी पडली. शेवटी बिअर करताना उरणाऱ्या यीस्टचा काळा, खारट अर्क, मार्माइट, दिला आणि रक्त भरून येऊ लागलं. बायकांनाही तो लागू पडला. १९३१ साली तिने हे छापलं. त्या अर्कात नेमकं काय आहे ते कळायला आणखी दहा वर्षं गेली. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते द्रव्य काढलं आणि पानावरूनच त्याला फॉलिक अ‍ॅसिड नाव पडलं. ते पाण्यात विरघळतं, फार शिजवलं तर नासतं. म्हणजे आमच्या मोरीतून वाहून गेलं ते हेच. जेवणावरचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, आणि चुलीच्या मातीचंही तेच. तिघांनी मिळून पणजीला घेरलं होतं.

पपईबद्दल म्हाताऱ्या अगदीच चुकल्या नव्हत्या. कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांचं गर्भाशय आकुंचन पावतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. पिकलेल्या पपईने तसं झालं नाही. पण आळ घ्यायला फळ सोपं पडतं. ताट शेवटी वाढणाऱ्या घरावर कोण घेणार?

१९९४ साली मला दिवस गेले. फॉलिक अ‍ॅसिडने बाळाच्या मणक्यातला दोष टळतो, हे त्याआधी तीनच वर्षं सिद्ध झालं होतं. गोळी खरं तर दिवस राहण्याआधीपासून घ्यायची. माझ्या हातावर ती तिसऱ्या महिन्यात पडली. तेव्हा कुणाला विचारायचं हे मलाही सुचलं नाही. आजीने मात्र नऊ महिने पाणी उकळून, गाळून, माझ्यासाठी वेगळ्या कळशीत ठेवलं. भाजी ती अजूनही पिळायचीच. एकदा मी ते पिळलेलं हिरवं पाणी आमटीत ओतलं, तर दिवसभर बोलली नाही.

विल्सबाईची गोष्ट मला वाचायला मिळाली ती फार उशिरा, आजी नव्वदीला टेकली तेव्हा. मी सगळं सांगितलं. बिअरच्या गाळावर तिने नाक मुरडलं. माकडांचं ऐकून हसली. मग बराच वेळ गप्प.

"ती मडम बसायची कुठं?"

"परळला. हाफकिनमध्ये."

"सापाचं इख काढत्यात त्या बंगल्यात?"

"हो, तिथेच."

आजीने डोळे मिटून बोटांवर गल्ल्या मोजल्या. चाळ, देऊळ, रेल्वेचा पूल.

"आय रोज त्याच फाटकावरनं गिरणीत जायची."