निचरा-बूच (मोटरबोट)

निचरा-बूच किंवा ड्रेन प्लग म्हणजे लहान मोटरबोटीतील निचऱ्याचे छिद्र बंद करणारे बूच होय. हे छिद्र बहुधा बोटीच्या मागील उभ्या फळीत, अगदी तळालगत असते. बोट पाण्याबाहेर काढल्यावर तळाशी साचलेले पाणी त्यातून वाहून जाते. बोट पाण्यात असताना मात्र हेच छिद्र पाण्याच्या पातळीखाली असते. ३० सेंटिमीटर खोलीवरील २५ मिलिमीटर व्यासाच्या उघड्या छिद्रातून मिनिटाला ४० लिटरहून अधिक पाणी आत शिरू शकते. त्यामुळे बूच न लावता सोडलेली बोट धक्क्याजवळच बुडू शकते.

धातूचे बूच छिद्रातील आट्यांत फिरवून बसवतात. रबरी बूच साध्या नळीत घालून त्याची खिट्टी दाबली किंवा मळसूत्र आवळले की रबर फुगून घट्ट बसते. छिद्राचा व्यास व आट्यांचे माप जुळल्याखेरीज बूच घेऊ नये. दिसायला सारखी बुचे एकमेकांच्या जागी चालतातच असे नाही. पितळ गोड्या पाण्यात टिकते, परंतु खाऱ्या पाण्यात त्यातील जस्त निघून जाऊन ते ठिसूळ होते. समुद्रासाठी कांस्य अधिक योग्य. ऊन, तेल व पेट्रोल यांमुळे रबर खराब होते. भेग दिसताच ते बदलावे लागते.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बोट रस्त्याने नेताना बूच काढून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. साचलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव दुसऱ्या तलावात पोहोचू नयेत, हा त्यामागील हेतू. काढलेले बूच परत लावण्याचा विसर पडू नये म्हणून ते इंजिनाच्या किल्लीलाच बांधून ठेवणे सोयीचे ठरते.