पिल्लाची आई कुठे आहे?

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची परीक्षा आटोपून एक पत्रक घेऊन आली. "मावशी, दक्षिण आफ्रिकेत दोन आठवडे सिंहाच्या पोरक्या छाव्यांना दूध पाजायचं. पैसे आपण भरायचे, पण ते संवर्धनालाच जातात." मी इतिहासाची विद्यार्थिनी. हो-नाही म्हणण्याआधी ही प्रथा आली कुठून, ते पाहू म्हटले.

या ओढीचे मूळ मला करुणेत दिसले. १९५६ साली केनियात वन्यजीवरक्षक जॉर्ज अ‍ॅडमसन यांच्यावर चालून आलेली सिंहीण त्यांच्या गोळीने मेली. ती आपल्या तीन छाव्यांना राखत होती, हे मागाहून कळले. त्यांतल्या एल्साला जॉर्ज आणि त्यांची पत्नी जॉय यांनी वाढवले, शिकार शिकवून जंगलात सोडले. १९६० साली जॉय यांचे 'बॉर्न फ्री' आले आणि माणसाच्या कुशीतला छावा जगभर पोहोचला.

एल्साची आई खरोखरच मेली होती. पुढे दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहिलेल्या धंद्यात मात्र छाव्यांच्या आया कुंपणाआड जिवंत होत्या. जंगलात छावे साधारण दोन वर्षे आईजवळ असतात आणि तोवर ती सहसा पुन्हा वीत नाही. छावे लहानपणीच काढून घेतले, की ती लवकर माजावर येते. गर्भकाळ जेमतेम साडेतीन महिन्यांचा. उचललेल्या छाव्याला बाटलीने पाजायला माणूस लागतो, आणि इथे तो माणूस पगार घेण्याऐवजी स्वतःच पैसे भरतो.

छावा मोठा झाल्यावर काय? १९९७ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या 'द कुक रिपोर्ट'ने कुंपणातली शिकार जगापुढे आणली. पळायला वाटच नसलेला सिंह पैसे भरून मारायचा, असा तो प्रकार. २००८ च्या सुमारास सिंहाच्या हाडांची आग्नेय आशियाकडे निर्यात सुरू झाली. २०१७ साली सरकारने वर्षाला ८०० सांगाड्यांचा कोटाच ठरवून दिला. २०१५ च्या 'ब्लड लायन्स' या माहितीपटाने बाटलीपासून बंदुकीपर्यंतची साखळी उलगडून दाखवली. अखेर मे २०२१ मध्ये पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी सिंहांची बंदिस्त पैदास थांबवण्याचे धोरण जाहीर केले. तोवर तिथल्या तीनशेहून अधिक ठिकाणी हजारो सिंह बंदिस्त होते.

भाचीने त्या संस्थेला तीनच प्रश्न पाठवले. या छाव्यांच्या आया कुठे आहेत? तुमच्याकडे पैदास होते का? दोन वर्षांपूर्वीचे छावे आज कुठे आहेत? उत्तरात शुल्काचा तक्ता आला. आईबद्दल अवाक्षर नव्हते.

मग मी तिला जुन्नरची गोष्ट सांगितली. तिथे ऊसतोडीच्या हंगामात फडात बिबट्याचे बछडे सापडतात. वनखाते आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले पशुवैद्य त्यांची तपासणी करतात आणि संध्याकाळी खोक्यात घालून होते त्याच जागी ठेवतात. मग सगळे दूर जातात. पुष्कळदा रात्री मादी येते आणि बछड्याला मानगुटीला धरून घेऊन जाते. या कामात कुरवाळण्याला जागा नाही. यश मोजायचे ते खोके रिकामे झाले की नाही, यावरून.

बचाव केंद्र निवडताना म्हणूनच मी एवढेच पाहायला सांगते: तिथे पैदास होत नसावी, प्राणी विकले वा भाड्याने दिले जात नसावेत, आणि पाहुण्याला त्यांना हात लावू देत नसावेत. कामाला मात्र तोटा नसतो. कुंपण दुरुस्त करायचे असते, नोंदी ठेवायच्या असतात, गावात बोलायचे असते.

भाचीने पत्रक परत केले नाही. तिने त्याच्या पाठीवर ते तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत. आता मैत्रिणींना दाखवते.