नगरचं ‘ज्ञानोदय’

नगरला पाहण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं, की आम्ही किल्ला आणि चांदबीबीचा महाल सांगून मोकळे होतो. ‘ज्ञानोदय’ कुणाच्या तोंडी येत नाही. अमेरिकन मराठी मिशनने हे नियतकालिक जून १८४२मधे नगरहून सुरू केलं. हेतू उघड होता, धर्मप्रसाराचा. पण त्यातून मराठीचंही एक काम होऊन गेलं.

तेव्हा रोजचं लिखाण मोडीत चाले, शब्दांत जागा न सोडता. छापायचं म्हटल्यावर बालबोध लिपी आली, सुटे शब्द आले, विरामचिन्हं आली. मोल्सवर्थचा कोश १८३१चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६चं. नियम पुस्तकांत होतेच. वाचकांच्या अंगवळणी पडले ते ‘दर्पण’, ‘ज्ञानोदय’सारख्या पत्रांमुळे.

यात बोली मागे पडल्या हे खरंय. माझ्या आजीची नगरी भाषा त्या छापील मराठीत सापडत नाही. मलाही याचा राग यायचा.

मग मुक्ता साळवेबद्दल वाचलं. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, चौदाएक वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखांवरचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ने छापला. (तोवर ते मुंबईहून निघू लागलं होतं.) वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असा थेट सवाल त्यात आहे. छापला गेला म्हणून तो टिकला.

असो. आजीचं बोलणं अजून कुणी छापलेलं नाही. पुढच्या शनिवारी रेकॉर्डर घेऊन नगरला जातोय.