पंडिता रमाबाई : श्रद्धेची कसोटी आचरणात

श्रद्धेची खरी परीक्षा प्रार्थनामंदिरात नव्हे, तर रोजच्या व्यवहारात होते, हा ख्रिस्ती चिंतनातील एक महत्त्वाचा विचार आहे. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या चरित्रात त्याचा प्रत्यय येतो.

संस्कृतच्या गाढ्या अभ्यासक असलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत 'शारदा सदन' सुरू केले व पुढे ते पुण्यास हलविले. तेथे मुलींना आपापले धर्माचार पाळण्याची मोकळीक होती. मात्र रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली स्वेच्छेने तेथे येऊन बसत. त्यावरून वादळ उठले. १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागार संस्थेपासून दूर झाले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते, तर लोकाश्रय टिकला असता. रमाबाईंनी ते लावले नाही आणि कोणावर सक्तीही केली नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना त्यांनी केडगाव येथे आश्रय दिला. या 'मुक्ती' संस्थेत प्रार्थनेइतकेच महत्त्व शेती, विणकाम व छपाईला होते. सामान्य स्त्रियांना समजावे म्हणून रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रकाशित झाले. त्याच्या छपाईत संस्थेतील स्त्रियांचेच हात राबले होते.