झाड कोणतं, चार्ली कोणता?

चार्ली चॅप्लिनचा 'शोल्डर आर्म्स' मी आजवर तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा तो निराळा होता. चित्रपट एकच, १९१८ सालचा, मुका, काळापांढरा. पण जुना चित्रपट घरी बसून पाहणं म्हणजे मामलेदार कचेरीतून नक्कल मिळवण्यासारखं आहे. नकलेची नक्कल, तिची नक्कल, आणि शेवटी आपल्या हाती लागतो तो नुसता शिक्का.

पहिल्यांदा पाहिला १९८५ साली, चाळीत, भाड्याच्या व्हीसीआरवर. भाडं वसूल झाल्याशिवाय झोपायचं नाही, हा चाळीचा नियम. तीन हिंदी चित्रपट संपले आणि पहाटे "एक कॅसेट उरलीय, लावा" म्हणून चार्ली लागला. पडद्यावर पाऊस पडत होता. तो खंदकातला की कॅसेटमधला, कळायला मार्ग नव्हता. (खंदकात होताच. चार्लीचं अंथरूण पाण्याखाली जातं आणि तो ग्रामोफोनचा कर्णा तोंडाला लावून पाण्याखालीच झोपतो.)

पुढे तो झाडाच्या खोडाचं सोंग घेऊन शत्रूच्या मुलखात शिरतो. या प्रसंगाला सारं जग हसलं. आम्हाला नुसती झाडं दिसली. जर्मन शिपाई सरपणासाठी कुऱ्हाड घेऊन आला, तरी "डावीकडचा चार्ली!" "छे हो, ते खरंच झाड आहे!" हा वाद मिटेना. इतकं यशस्वी सोंग खुद्द चार्लीलाही नको असणार.

एका ठिकाणी मात्र समोरच्या खोलीतले आजोबा हसायचे थांबले. खंदकात टपाल येतं. चार्लीला पत्र नाही. मग तो दुसऱ्या शिपायाच्या खांद्यावरून त्याचं पत्र वाचू लागतो. आमच्या कॅसेटवर चार्लीच्या तोंडाच्या जागी कणकेचा गोळा होता.

"काहीतरी काळजीचं आलंय घरून," आजोबा म्हणाले.

"तोंड दिसतंय कुठं, आजोबा?"

"तोंड कशाला लागतंय? मान बघ की."

आजोबा साताऱ्याकडचे. त्यांचे वडील त्याच लढाईत मेसोपोटेमियाला गेलेले. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची पत्रं तिकडं दुसराच कुणी लिही, इकडं दुसराच वाची, आणि निम्मी आळी खांद्यावरून वाकून ऐके.

त्या वर्षी चार्लीलाही दोन्हीकडून बोलणी होती. हा धडधाकट गडी लढायला का जात नाही, म्हणून एकीकडून. आणि लढाईची थट्टा करू नकोस, म्हणून स्नेह्यांकडून. एप्रिलमध्ये युद्धकर्जाचे रोखे खपवत तो अमेरिकाभर हिंडला आणि मग या चित्रपटाला हात घातला. पाच रिळांचा बेत तिनावर आला. झालेला चित्रपट तो केरात टाकायला निघाला होता. डग्लस फेअरबँक्स हसून हसून डोळे पुसू लागला, म्हणून वाचला, असं त्यानंच आत्मचरित्रात लिहिलंय. २० ऑक्टोबर १९१८ला चित्रपट लागला आणि २२ दिवसांनी युद्ध थांबलं. परतलेल्या शिपायांनीच तो डोक्यावर घेतला. चिखल त्यांच्या ओळखीचा होता.

दुसऱ्यांदा पाहिला तो २००० नंतर, स्वस्तातल्या चकतीवर. अमेरिकेत हक्क संपलेले, त्यामुळे वाटेल त्यानं नकला काढाव्यात. यात माणसं दिसत होती, पण मुंग्यांसारखी पळत होती. कारण साधं आहे. मूकपटाच्या काळी कॅमेरा हातानं फिरवत, सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रं. बोलपटांनी २४चा दर आणला. जुनी फीत नव्या वेगानं सोडली की महायुद्ध पंधरा मिनिटं आधी संपतं. पत्र तर चार्लीनं असं वाचलं की पोस्टमनलाही इतकी घाई नसते.

तिसरी नक्कल १९५९च्या आवृत्तीवरून केलेली. त्या साली चार्लीनं आपले तीन मूकपट 'द चॅप्लिन रेव्ह्यू' नावानं एकत्र आणले, स्वतः संगीत दिलं आणि मधली मधली चित्रं दोनदा छापून वेग माणसात आणला. त्यामुळे चालता चालता पात्रांना मधूनच ठेच लागते. लागो बापडी. चित्र स्वच्छ आहे. झाड कुठलं आणि चार्ली कुठला, हे मला सत्तावीस वर्षांनी कळलं.

मग टपाल आलं. पत्राचा मालक हसला की चार्ली हसतो, त्याचा चेहरा पडला की याचाही पडतो. सगळं लख्ख दिसलं. पण हे ज्यांना सांगायचं, ते आजोबा आता नव्हते. मी प्रसंग पुन्हा मागे नेला, टीव्हीजवळ गेलो, चार्लीच्या तोंडापुढे अंगठा धरला आणि नुसती मान पाहू लागलो.

"इतक्या वर्षांनी तोंड दिसतंय," आतून बायको म्हणाली, "तर आता झाकताय कशाला?"